अडुसष्ट सालचा शेवटच्या नंबरचा सिनेमा

आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाचा दरवर्षी एक दिवाळी अंक निघतो. अंक म्हणजे झेरॉक्स काढून टाचलेली तीसेक पानं. गुडघेदुखीवर एक लेख, चारधामचं एक प्रवासवर्णन आणि बाकी सगळी नातवंडांची कौतुकं. यंदा सचिवांना वाटलं, काहीतरी मजेचं करू. ते बँकेतून निवृत्त झालेले. प्रत्येक गोष्टीचा तक्ता करायची त्यांना भारी हौस. एका रविवारी त्यांनी जाहीर केलं की आपण अडुसष्ट सालच्या हिंदी सिनेमांचे नंबर लावायचे. आपल्यातले बहुतेक जण त्या साली कॉलेजात होते, म्हणून ते साल. सिनेमा किती चालला याचा एक रकाना, सिनेमा किती चांगला होता याचा दुसरा. प्रत्येकाने दोन्हीला दहापैकी गुण द्यायचे आणि बेरीज करून यादी छापायची.

"पण नावं कोण आठवून देणार?" कोणीतरी विचारलं.

सगळ्यांनी माझ्या भावाकडे पाहिलं.

दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, आता अठ्ठ्याहत्तरचा. वहिनी गेल्यापासून एकटा राहतो. मुलगा परदेशात आहे. मंडळात त्याला मान आहे तो सिनेमाचा जाणकार म्हणून. कोणता सिनेमा नागपुरात कोणत्या टॉकीजला लागला, किती टिकला, कोणत्या गाण्याला पब्लिक शिट्ट्या मारायचं, ते त्याला विचारावं. त्याने तिथल्या तिथे, तर्री-पोहे खाता खाता वीस नावं सांगितली. माझं अक्षर चांगलं म्हणून उतरवून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. एकोणिसावं नाव त्याने उच्चारलं तेव्हा माझा हात थांबला.

"लिही ना," तो म्हणाला. मी लिहिलं.

त्या वीस सिनेमांपैकी टॉकीजात मी एकच पाहिला होता. तोही अर्धा. आणि तो हाच होता.

तेव्हा आम्ही नागपूरच्या महाल भागात राहायचो. बाबा सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. दादा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होता आणि आठवड्यातून दोनदा तरी कॉलेज बुडवून टॉकीजात बसायचा. हे आईला माहीत होतं, मला माहीत होतं, बाबांना माहीत नव्हतं. मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या घरातून सायन्सला गेलेली मी पहिली मुलगी. मला केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल फार आवडायचं. समोर एक पांढरी पूड ठेवलेली असायची आणि तो कोणता क्षार आहे ते आपण शोधून काढायचं. परीक्षानळीत तळाशी साका बसायला लागला की मला कोणीतरी गुपित सांगत असल्यासारखं वाटायचं. वर्गातल्या मुलांच्या आधी माझं उत्तर तयार असायचं. मॅडमनी एकदा सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "हिच्या हाताला वळण आहे."

एका गुरुवारी प्रयोगशाळेतला गॅस बंद पडला आणि प्रॅक्टिकल रद्द झालं. माझी एक मैत्रीण म्हणाली, "चल ना, बाराच्या खेळाला जाऊ. त्यात नायिका डॉक्टर आहे म्हणे."

मी त्याआधी घरच्यांशिवाय टॉकीजात पाऊल ठेवलं नव्हतं. देवादिकांचे दोन-तीन सिनेमे पाहिले होते, तेही आईच्या मांडीला मांडी लावून. त्या दिवशी आम्ही दोघी सायकली हाणत सीताबर्डीवर गेलो आणि लेडीज क्लासमध्ये जाऊन बसलो. पडद्यावर एक मुलगी गाडीतून उतरून एका डोंगराळ गावातल्या दवाखान्यात येते. गावातलं कोणी तिच्यावर विश्वास ठेवत नाही. मग एका बाईचं बाळंतपण अडतं आणि ही कंदिलाच्या उजेडात तिचं ऑपरेशन करते. मी हाताची मूठ तोंडावर दाबून बघत होते. असं काही बाईला करता येतं, हे मला माहीत होतं, पण असं होताना मी कधी पाहिलं नव्हतं.

इंटरव्हल झाला. मी पाणी प्यायला बाहेर आले. समोर सोड्याच्या गाडीशी दादा उभा होता, त्याच्या दोन मित्रांबरोबर. त्याने मला पाहिलं. माझ्या शेजारी मैत्रीण उभी होती, तिलाही पाहिलं. मग त्याने पाठ फिरवली. मी मैत्रिणीला म्हटलं, "चल, घरी जाऊ," आणि आम्ही तशाच निघालो.

घरी येईपर्यंत मी मनाशी ठरवलं होतं की त्याचं नाव मी घेणार नाही. तोही घेणार नाही असंच वाटलं, कारण माझं नाव घेतलं तर तो स्वतःच सापडतो. संध्याकाळी मी मेथी निवडत बसले होते. बाबा कचेरीतून आले, चप्पल काढली, आणि दादा पुढे येऊन म्हणाला, "बाबा, ही कॉलेज बुडवून टॉकीजात जाते. मला बरेच दिवस संशय होता. म्हणून आज मी स्वतः मागे गेलो."

मी आधी सांगेन अशी त्याला भीती वाटली असेल, दुसरं काय. पण त्या एका वाक्याने त्याचं कॉलेज बुडवणं म्हणजे बहिणीची राखण झाली आणि माझी एक दुपार म्हणजे रोजची खोड झाली.

"दादाच जातो नेहमी," मी म्हटलं. "मी आज पहिल्यांदा गेले."

"भावावर उलटून राहिली आता," बाबा म्हणाले. "कोण होतं सोबत?"

"मैत्रीण होती."

बाबांनी दादाकडे पाहिलं. त्याने फक्त "हो, मैत्रीण होती" एवढं म्हणायचं होतं. तो खाली बघत म्हणाला, "मला नीट दिसलं नाही."

सोमवारपासून माझं कॉलेज बंद झालं. आई रडली, पण बाबांसमोर एक शब्द बोलली नाही. पंधरा दिवसांनी केमिस्ट्रीच्या मॅडम घर शोधत आल्या. बाबांनी त्यांना चहा दिला, हवापाण्याच्या गोष्टी केल्या आणि दारापर्यंत पोचवून आले. मला बाहेर बोलावलंच नाही. मी आतून त्यांचा आवाज ऐकला. उन्हाळ्यात माझं लग्न झालं.

सासर सावनेरचं. घरची कापसाची शेती, आणि नवरा कोळशाच्या खाणीवर टाइमकीपर. माणूस वाईट नव्हता. त्याने कधी आवाज चढवला नाही, कधी माझं ताट वेगळं केलं नाही. लग्नानंतर दोन वर्षांनी मी धीर करून म्हटलं की मला बाहेरून परीक्षेला बसायचं आहे. तो काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "आता काहून वं? कापूस वेचायले डिग्री लागते का?" तो हसला. माझ्यावर हसला नसेल, आईच्या बोलण्यावर हसला असेल. पण विषय तिथेच मिटला. माझी मुलगी दहावीला असताना तिचं विज्ञानाचं पुस्तक मी चोरून वाचायचे, ती शाळेत गेली की. चोरून कशाला, असं आता वाटतं. घरात मला अडवणारं कोणी उरलं नव्हतं. सवय लागली होती.

नवरा गेल्यावर मी मुलीकडे नागपूरला आले आणि मंडळात जाऊ लागले. दादा तिथे आधीपासून होता. आमचं छान चाललेलं असायचं. भाऊबीज, राखी, त्याला आवडतात म्हणून कोथिंबिरीच्या सांबारवड्या. त्या गुरुवारबद्दल तो कधी बोलला नाही, मीही नाही. माझी अशी समजूत होती की त्याला ते लागून राहिलं आहे आणि लाज वाटते म्हणून तो गप्प आहे. या समजुतीवर मी पुष्कळ वर्षं काढली.

गुण द्यायची बैठक पुढच्या रविवारी होती. त्याच्या आदल्या शुक्रवारी मी नातीला सिनेमाचं नाव सांगितलं. तिने मोबाइलवर दोन मिनिटांत काढून दिला. दुपारी जेवण झाल्यावर आम्ही दोघी पलंगावर बसलो आणि मी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला.

कंदिलाचं ऑपरेशन आलं. मागचा डोंगर रंगवलेल्या पडद्याचा होता, वाऱ्याने हलत होता. नायिकेच्या हातात चिमटा उलटा धरलेला होता. ते चालवून घेतलं. मग इंटरव्हलनंतरचा भाग सुरू झाला, जो मला सत्तावन्न वर्षं माहीत नव्हता. गावच्या जमीनदाराचा मुलगा तिच्या प्रेमात पडतो. त्याची आई म्हणते, मला सून हवी, डॉक्टरीण नको. नायिका एक गाणं म्हणत रडते, स्टेथोस्कोप पेटीत ठेवून पेटीला कुलूप लावते, आणि शेवटी डोक्यावर पदर घेऊन पोळ्या लाटते. गावकरी तिच्यावर फुलं उधळतात.

"आजी, किती बोअर आहे गं हा!" नात म्हणाली.

"हो," मी म्हटलं.

मला वाटलं होतं रडू येईल. रडू आलं नाही, राग आला. ज्याच्यापायी माझं सगळं गेलं, तो सिनेमा निदान चांगला तरी असायला हवा होता.

रविवारी बैठक रंगली. दरोडेखोरांच्या सिनेमाला पहिला नंबर द्यायचा की जुळ्या भावांच्या, यावर दोन तट पडले. एक सिनेमा समीक्षकांनी डोक्यावर घेतलेला, पण आमच्यातल्या कोणीच पाहिलेला नव्हता. त्याला चांगलेपणात कोणी दहा दिले, कोणी दोन. लोक आपापल्या हॉस्टेलच्या, पहिल्या नोकरीच्या गोष्टी सांगत होते. कोण कोणाबरोबर कुठल्या खेळाला गेलं होतं, यावर चिडवाचिडवी चालली होती. बायका हसण्यापुरत्या हसत होत्या. आमच्यातल्या किती जणींनी हे सिनेमे तेव्हा पाहिले होते, हे कोणी विचारलं नाही. मी सगळ्यांचे गुण लिहून घेत होते.

एकोणिसावं नाव आलं.

"हा भिकार," दादा म्हणाला. "चालण्यात एक, चांगलेपणात शून्य."

"तू पाहिला होतास का?" मी विचारलं.

"पाहिला म्हणजे! गुरुवारचा बाराचा खेळ. हॉलमध्ये चिटपाखरू नव्हतं. सुरुवातीलाच फिल्म तुटली, होते तेवढ्यांनी बोंबा मारल्या. इंटरव्हलला सोडा घेतला तर त्यात गॅसच नाही. मी त्या सोडेवाल्याशी भांडलो होतो." सगळे हसले. त्याची स्मरणशक्ती पाहून सचिवांनी मान डोलावली.

"इंटरव्हलला आणखी कोण दिसलं होतं तुला?"

"कोण दिसणार?"

"मी दिसले होते."

तो म्हणाला, "तू कुठे सिनेमे पाहायचीस वं?"

मग मी सांगितलं. फार नाही, पाच-सहा वाक्यांत. प्रॅक्टिकल रद्द झालं, मी गेले, याने पाहिलं, घरी येऊन काय सांगितलं, आणि सोमवारपासून काय झालं. सचिव मध्येच म्हणाले, "ताई, ही घरगुती बाब आहे, आपण नंतर..." तेव्हा आमच्यातल्या एक बाई, कुहीच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या त्या, म्हणाल्या, "ताईले बोलू द्या ना."

माझं बोलून झालं. सगळे दादाकडे पाहत होते.

"मला असं काहीच आठवत नाही," तो म्हणाला. "बाबांनी तुझं लग्न ठरवलं, चांगल्या घरी दिलं. त्यात सिनेमाचा काय संबंध, आणि माझा काय संबंध?"

सोड्यातला गॅस आठवत होता. मी आठवत नव्हते.

कोणीतरी पंख्याचा वेग वाढवला. सचिवांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "ताई, तुमचे गुण?"

"चालण्यात शून्य. चांगलेपणात शून्य," मी म्हटलं आणि लिहिलं.

बेरजेत तो सिनेमा विसावा आला. निदान याबाबतीत बहीण-भावाचं एकमत झालं, असं सचिव म्हणाले. वातावरण हलकं करायला म्हणाले असतील.

बैठक संपल्यावर कुहीच्या बाई माझ्याबरोबर फाटकापर्यंत आल्या. "माह्या बापानं मले सातवीतच शाळेतून काढलं होतं," त्या म्हणाल्या. "मी तीन दिवस जेवली नाही. मग पाठवलं परत. तुम्ही काहून नाही भांडल्या, ताई?"

त्यांनी मायेनेच विचारलं होतं. मी त्या आठवड्यात रोज जेवले होते. मेथीची भाजी केली होती तीसुद्धा खाल्ली होती. भावावरचा राग मी इतकी वर्षं नीट सांभाळला, पण हा दुसरा प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नव्हता. घरी येऊन त्याच एका प्रश्नाने मला दादाच्या उत्तरापेक्षा जास्त त्रास दिला.

दादाच्या डोळ्यात दर महिन्याला एक इंजेक्शन घ्यावं लागतं. नाही घेतलं तर मधली नजर जाईल असं डॉक्टरांनी सांगितलंय. वहिनी गेल्यापासून त्याला धंतोलीतल्या दवाखान्यात मीच नेते. बुधवारी त्याचा फोन आला, जसा काही रविवार उगवलाच नव्हता. "उद्या दहाची वेळ आहे. येतेस ना?"

मी गेले. न जाण्याचा विचार केला होता, पण मग त्याला कोण नेणार, याचं उत्तर सापडेना.

तिथे नेहमीसारखी गर्दी होती. यवतमाळ, भंडारा, कुठून कुठून आलेले लोक, डब्यांच्या पिशव्या, फायली. नर्सने त्याच्या डोळ्यांत थेंब टाकले आणि डोळे मिटून बसायला सांगितलं. आम्ही बाकावर शेजारी शेजारी बसलो होतो. तो डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाला, "तुझ्या हातात वही होती. पिवळ्या पुठ्ठ्याची. मला बघून तू ती पदराखाली घेतलीस."

मंडळात मी वहीबद्दल बोलले नव्हते. कोणाशीच कधी बोलले नव्हते. माझं मलाच ते आठवत नव्हतं, तो म्हणाला तेव्हा आठवलं.

"म्हणजे तुला सगळं आठवतं."

"आठवतं."

"मग रविवारी?"

"वीस लोक होते तिथे. काय म्हणायला पाहिजे होतं मी?"

"हो, असं झालं होतं, एवढंच. आणि घरीही तुला तेवढंच म्हणायचं होतं. मैत्रीण होती एवढंच."

त्याच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. थेंबांचं असेल, दुसरं असेल, मी विचारलं नाही. "मी वीस-एकवीस वर्षांचा होतो," तो म्हणाला. "बाबांचा पट्टा तुला माहीत नाही, तुझ्यावर कधी उठला नाही. मला वाटलं चार दिवस ओरडतील आणि पाठवतील तुला परत. नंतर कसं सांगणार? तू लग्न होऊन गेलीस. मुलं झाली. तू हसत होतीस."

"या रविवारी सांग सगळ्यांना."

"आता काय उपयोग?"

तेवढ्यात त्याचं नाव पुकारलं गेलं. मी त्याला उठवून आत नेलं.

मला तो विसरलेलाच बरा वाटला असता. विसरला असता तर तो नुसता बेफिकीर माणूस ठरला असता. पण त्याच्याकडे सगळं होतं. वहीच्या पुठ्ठ्याच्या रंगासकट होतं, आणि ते घेऊन तो दरवर्षी भाऊबीजेला माझ्यासमोर पाटावर बसत आला होता.

त्या रविवारी तो मंडळात आला नाही. डोळ्याचं कारण सांगितलं. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. अंक निघाला. यादी छान छापली होती, माझ्याच अक्षरात, खाली "संकलन" म्हणून त्याचं नाव. मंडळात हळूहळू बोललं जाऊ लागलं, मला ऐकू येईल इतपत. या वयात भावाला असं चारचौघांत उभं करायला नको होतं. बिचारा यायचाच बंद झाला. त्याच्याशिवाय रविवारी मजा येत नाही. एकजण तर मला म्हणाले, "ताई, मन मोठं करा." कुहीच्या बाई तेवढ्या अजून माझ्या शेजारची खुर्ची धरतात. त्यांचा प्रश्न त्यांनी पुन्हा काढला नाही.

मी मंडळ सोडलं नाही. दवाखानाही सोडला नाही. यंदाच्या भाऊबीजेला मात्र मी गेले नाही. त्याने फोन केला, मी म्हटलं, पाय दुखतोय. मुलगी म्हणाली, "आई, जाऊन ये ना, एकटा आहे तो." एकटा आहे हे खरंच आहे.

परवा पुन्हा धंतोलीला गेलो. इंजेक्शन झालं, डोळ्यावर पट्टी बांधली. बाहेर येताना त्याने माझा दंड धरला होता. त्याचा हात आता फार हलका लागतो. दारापाशी थांबून तो म्हणाला, "तू मला माफ केलं ना वं?"

"नाही," मी म्हटलं. "पुढे दोन पायऱ्या आहेत, जपून उतर."

तो उतरला. मी ऑटोवाल्याला हात केला.